२१४७४८३६४७ : एका दहा आकडी संख्येचा ताळा

२०२३ च्या दिवाळीत माझी नात पुण्याहून नाशिकला आली होती. ती तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. फराळ करता करता तिने सांगितले की, संगणकात साधा पूर्णांक ठेवायला बहुधा बत्तीस बिटांची, म्हणजे प्रत्येकी ० किंवा १ मावेल अशा बत्तीस घरांची, जागा असते, त्यातले एक बिट चिन्हासाठी जाते आणि उरलेल्या एकतीस बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे २१४७४८३६४७. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी जुन्या पद्धतीची घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले असताना, याच संख्येपाशी येऊन अडकणार आहेत, हेही तिनेच सांगितले. मग म्हणाली, "आणि आबा, ही मूळ संख्या आहे. तुम्ही आयुष्यभर बेरजा तपासल्यात, आता बघा हिला कशाने भाग जातो का."

एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत माझी पस्तीस वर्षे गेली. ही संख्या मी 'दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस' अशीच वाचली आणि पाठकोऱ्या कागदावर ३, ७, ११, १३ असे भाग देऊ लागलो. त्यापुढचे साडेपाच महिने या एका संख्येवर गेले. माझ्याकडे गणिताची पदवी नाही. असे काम हातात घेऊन मध्येच गोंधळलेल्या माणसाला थोडा आधार व्हावा, म्हणून काय झाले ते क्रमाने लिहीत आहे.

संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनीच भागून पाहावे लागते, एवढे शाळेतले आठवत होते. ४६३४० चा वर्ग आपल्या संख्येपेक्षा थोडा कमी भरतो आणि ४६३४१ चा थोडा जास्त. तिथपर्यंत ४७९२ मूळ संख्या आहेत. एका भागाकाराला पाच मिनिटे धरली तरी चारशे तास होतात, म्हणजे रोज दोन तास बसून साडेसहा महिने. दिवाळीचा उत्साह इथेच ओसरला. नातीने मात्र जाता जाता एक सुगावा दिला: ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १ आहे, आणि अशा संख्यांना मेर्सेन संख्या म्हणतात.

पुढचे समजून घ्यायला पुस्तक हवे होते. जवळच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बाहेरच्या वाचकांना सशुल्क सभासदत्व मिळते असे कळले, म्हणून २० नोव्हेंबरला तिथे गेलो. अर्ज, दोन छायाचित्रे, आधारची प्रत, निवृत्तिवेतनाच्या पुस्तिकेची प्रत, ३०० रुपये वर्षाची वर्गणी आणि १००० रुपये परत मिळणारी अनामत एवढे लागेल असे खिडकीवर सांगण्यात आले. सगळे घेऊन दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा तिथल्याच एखाद्या अध्यापकाचे शिफारसपत्रही लागते असे समजले. अध्यापक परीक्षेच्या कामात होते. पत्र मिळाले त्या दिवशी ग्रंथपाल रजेवर होते. सभासद कार्ड हातात पडले ते ४ डिसेंबरला. कोणाला असे सभासदत्व घ्यायचे असेल, तर पहिल्याच दिवशी कागदपत्रांची यादी लेखी मागावी. तोंडी यादी दर खेपेला वाढत जाते. 'वाचनाचा उद्देश' या रकान्यात मी 'एका संख्येचा अभ्यास' असे लिहिले होते. 'कोणत्या विषयाचा?' असा शेरा मारून अर्ज परत आला, म्हणून 'अंकशास्त्र' असे केले. मग कर्मचारी भविष्य विचारू लागले. 'अंकगणित' लिहिल्यावर प्रकरण मिटले.

पुस्तकांतून कळले की हा प्रश्न चारशे वर्षांहून जुना आहे. इटलीच्या कातालदी यांनी १५८८ मध्ये २ चा १७ वा आणि १९ वा घात घेऊन, प्रत्येकातून एक वजा करून येणाऱ्या संख्या सरळ भागाकार करून मूळ ठरवल्या. २३, २९, ३१ आणि ३७ या घातांनाही मूळ संख्याच मिळते असे त्यांचे मत होते, पण त्यात फक्त ३१ चे बरोबर निघाले. २३ व्या घाताच्या संख्येला ४७ ने भाग जातो. आपल्या संख्येचा निकाल लावला स्वित्झर्लंडचे गणितज्ञ ऑयलर यांनी, १७७२ मध्ये, बर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रातून. त्या वेळी ते सेंट पीटर्सबर्गमध्ये होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती. पुढे कित्येक दशके हीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. इंग्लंडचे गणितज्ञ पीटर बार्लो यांनी तर १८११ मध्ये लिहून ठेवले की, हिच्यापासून मिळणाऱ्या २३०५८४३००८१३९९५२१२८ या परिपूर्ण (म्हणजे स्वतःखेरीज बाकीच्या सर्व विभाजकांच्या बेरजेएवढ्या) संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही, कारण असल्या निरुपयोगी शोधाच्या मागे कोणी लागणारच नाही. बार्लोसाहेबांना माणसांच्या रिकामपणाची कल्पना नसावी.

ऑयलर यांची युक्ती अशी. या संख्येला कोणती मूळ संख्या भागत असेलच, तर तिला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात. ४६३४१ च्या आत अशा ३७३ संख्या आहेत आणि त्यांतल्या मूळ नसलेल्या खोडल्या की उरतात नव्वदच्या आत. ४७९२ वरून नव्वदच्या आत! ही यादी तयार झाली त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

९ डिसेंबरपासून भागाकार सुरू केले. पहिला भाजक ३११, बाकी ३५. दुसरा १३०३. रोज तीन-चार भागाकार होत आणि प्रत्येकाचा नवाचा ताळा, म्हणजे अंकांची बेरीज करून ९ ने भागल्यावर उरणारी बाकी, जुळवून पाहत होतो. निम्मे काम झाल्यावर, नाताळच्या सुमारास, यादी पुन्हा चाळताना १४८९ वर नजर गेली. ती मी १३ च्या पटीतली समजून घाईत खोडली होती. तेरा गुणिले ११४ म्हणजे १४८२. १४८९ ही चांगली मूळ संख्या आहे. लगेच भागून पाहिले, बाकी १९९ आली आणि काही बिघडले नाही. पण माझा विश्वास उडाला. भागाकार चुकला तर ताळ्यात सापडतो; यादीतून गळलेली संख्या मात्र कुठेच सापडत नाही, कारण तिच्या नावाचे पानच नसते. हिशेब तपासणीत न आलेले देयक शोधणे सर्वांत कठीण असते, तसेच हे. यादी दुसऱ्यांदा करून काम पुरे करता आले असते, पण मला असा मार्ग हवा होता ज्यात चूक झाली तर ती शेवटी स्वतःहून समोर येईल.

तसा मार्ग त्याच पुस्तकात पुढे होता. फ्रान्सच्या ल्युका यांनी १८७६ मध्ये तो वापरून २ च्या १२७ व्या घाताची ३९ आकडी संख्या मूळ असल्याचे दाखवले आणि अमेरिकेच्या लेमर यांनी १९३० मध्ये त्याला आजचे सोपे रूप दिले. ४ पासून सुरुवात करायची. संख्येचा वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे आणि २१४७४८३६४७ ने भागून फक्त बाकी ठेवायची. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. घात ३१ असेल तर दोनने कमी, म्हणजे २९ वेळा हे करायचे. शेवटी शून्य आले तर संख्या मूळ, नाही तर नाही. हे का चालते याची सिद्धता मी सहा-सात वेळा वाचली, आणि तिचा मधला भाग आजही कोणाला समजावून सांगता येईल असे मला वाटत नाही. पद्धतीचा फायदा मात्र ताबडतोब कळला. मध्ये कुठेही चूक झाली तर शेवटी अपघाताने शून्य येण्याची शक्यता फारच कमी. शून्य आले की संख्येचाही निकाल लागतो आणि कारकुनाचाही.

सरावासाठी ६ जानेवारीच्या संध्याकाळी ८१९१ ही संख्या घेतली. ती २ चा १३ वा घात वजा १ आहे आणि तिला ११ पायऱ्या लागतात: ४, १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८, ०. ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी इथूनच सुरुवात करावी, दीड तासात होते. शून्याच्या आधी आलेली १२८ ही २ चा सातवा घात आहे आणि तो योगायोग नाही. मूळ मेर्सेन संख्येत शेवटून दुसऱ्या जागी असाच घात येतो, किंवा तो मूळ संख्येतून वजा केल्यावर उरणारी संख्या येते. म्हणजे माझ्या कामात अठ्ठाविसाव्या पायरीला ६५५३६ किंवा २१४७४१८१११ यांपैकी एक यायलाच हवी होती.

७ जानेवारी २०२४, रविवार. उभ्या रेघांची दोन मोठी रजिस्टरे आणली, २४० रुपयांची. उभ्या रेघा महत्त्वाच्या आहेत, कारण वीस आकडी संख्येत एक आकडा शेजारच्या रकान्यात सरकला की अर्धा तास वाया जातो. एका पुठ्ठ्यावर २१४७४८३६४७ चा एकपासून नऊपर्यंत पाढा लिहून तो दोऱ्याने रजिस्टरला बांधला, म्हणजे भागाकारात गुणाकार करावा लागत नाही, पुठ्ठ्यावरून उतरवून वजाबाकी करायची. पहिल्या चार पायऱ्या तोंडी झाल्या: १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. खरे काम इथून पुढे होते. पाचवीपासून अठ्ठाविसावीपर्यंत चोवीस मोठे वर्ग, एका वर्गाला एक पान.

पहिले पान कसे झाले ते सांगतो, म्हणजे कामाचा अंदाज येईल. १४१६३१७९५४ चे १४१६३ आणि १७९५४ असे दोन तुकडे केले. पहिल्याचा वर्ग २००५९०५६९, दुसऱ्याचा ३२२३४६११६, आणि दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ५०८५६५००४. हे तीन आकडे आपापल्या जागी सरकवून मिळवले की २००५९५६५४६८२२७४६११६. दोन वजा केले, भागाकार केला. भाग ९३४०९६३०८ गेला आणि बाकी ६६९६७०८३८ उरली. ताळ्याच्या बाबतीत या संख्येने मोठी सोय करून ठेवलेली आहे: ९ ने भागा किंवा ११ ने, तिची बाकी १ च येते. त्यामुळे भागाकार आणि बाकी यांचे ताळे नुसते मिळवून पाहिले तरी पुरते. वरच्या वर्गातून दोन वजा केल्यावर नवाचा ताळा ५ येतो. भागाकाराचा ६, बाकीचा ८, बेरीज १४, म्हणजे ५. जुळले. अकराचाही जुळला. या पानाला एक तास वीस मिनिटे लागली, पुढे सरावाने पन्नास मिनिटांवर आलो.

आठवड्यात पाच पाने होत. सकाळी चहा आणि वर्तमानपत्र झाल्यावर बसत असे. बायकोने एकदाच विचारले, "याचे पुढे काय करायचे असते?" मी "काही नाही" म्हटल्यावर तिने टेबल खिडकीजवळ सरकवून दिले.

११ फेब्रुवारीला अठ्ठाविसावी पायरी झाली. ६५५३६ आले नाही आणि २१४७४१८१११ ही आले नाही. काहीतरी भलतीच दहा आकडी संख्या आली.

त्या दिवशी मी रजिस्टर मिटून ठेवले. दुसऱ्या दिवसापासून एकेक पान तपासायला घेतले, नवाचा आणि अकराचा ताळा पुन्हा पाहिला, चोवीसच्या चोवीस पाने जुळली. हा सर्वांत वाईट आठवडा होता. शून्य येणार हे मला ऑयलर यांच्यामुळे माहीत होते, म्हणून चूक माझी हे तरी निश्चित होते. ज्यांना उत्तर आधी माहीत नसेल त्यांचे काय होत असेल? ल्युका यांच्या पद्धतीने २ च्या ६७ व्या घाताची संख्या मूळ नाही असे १८७६ मध्ये ठरले, तेव्हा हातात नुसता नकार होता, विभाजक कोणते ते कोणालाच माहीत नव्हते. ते १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ आहेत हे अमेरिकेचे गणितज्ञ कोल यांनी न्यू यॉर्कमध्ये फळ्यावर गुणाकार करून दाखवले ते १९०३ मध्ये, आणि त्यासाठी तीन वर्षांचे रविवार लागले असे त्यांनी सांगितल्याची कथा आहे. नातीचा फोन आला. "आबा, मला संख्या पाठवा, कुठे चुकलं ते मिनिटात सांगते." मी नको म्हटले. यात अभिमान नव्हता. पान जुळते आणि उत्तर चुकते, हे कसे, ते मलाच शोधायचे होते.

२० फेब्रुवारीला सापडले. पाने आतून तपासत होतो, जोड तपासलाच नव्हता. दुसऱ्या पानाच्या तळाशी बाकी होती १९३७२५९४१९. तिसऱ्या पानाच्या माथ्यावर मी उतरवले होते १९३७२५४९१९. नऊ आणि चार यांची अदलाबदल. तिसरे पान त्या चुकीच्या संख्येसाठी अगदी बिनचूक होते आणि त्यापुढची एकवीसही. अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते, म्हणून नवाच्या ताळ्याला ही चूक दिसत नाही. अकराच्या ताळ्याला दिसते: खऱ्या संख्येचा ७ आणि चुकीचीचा ६. पण तो ताळा मी संख्या उतरवल्यानंतर घेतलाच नव्हता. रोजकीर्दीतून खतावणीत रक्कम नेताना दोन्हीकडे खूण करायची हे मी नव्या कारकुनांना वर्षानुवर्षे शिकवले होते.

त्यानंतर महिनाभराची सक्तीची विश्रांती झाली, कारण उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची २६ फेब्रुवारी ही तारीख आधीच ठरलेली होती. खरे सांगायचे तर नऊ आणि चारच्या घोळात त्या डोळ्याचाही हात असावा. डॉक्टरांनी चार आठवडे बारीक लिहिणे-वाचणे नको असे बजावले होते. डोळ्यात थेंब घालून पडल्या पडल्या १७७२ च्या त्या पत्राची आठवण येई. माझी यादी तर उजेडात आणि चष्मा लावून चुकली होती.

१ एप्रिलला पुन्हा तिसऱ्या पानापासून बसलो. बावीस पाने नव्याने लिहायची होती. या वेळी दोन नियम केले. बाकी उतरवताना तिच्या शेजारी लाल शाईने नवाचा आणि अकराचा ताळा लिहायचा, आणि नव्या पानावर गेल्यावर तो तिथल्या आकड्यांवरून पुन्हा काढायचा. दुसरे म्हणजे दिवसाला एकच पान, कितीही हुरूप असला तरी. फेब्रुवारीपूर्वी मी कधी कधी दोन करत असे आणि दुसऱ्या पानावर खाडाखोड हमखास जास्त दिसते. या नियमांनी महिन्यात तीन वेळा मला थांबवले, तिन्ही वेळा हातचा विसरलेला होता.

२८ एप्रिल, रविवार. आदल्या दिवशीची बाकी होती ११८१५३६७०८. वर्ग केला, दोन वजा केले आणि भाग देऊ लागलो. भागाकार ६५००७६६५८ पर्यंत आला. शेवटची वजाबाकी उजवीकडून करत होतो. सहा, तीन, पाच, पाच, सहा असे लिहून झाल्यावर डावीकडे एकही आकडा उरला नव्हता. ६५५३६. लाल शाईने ताळे लिहिले, नियम तो नियम.

शेवटची पायरी उरली होती. ६५५३६ चा वर्ग ४२९४९६७२९६, दोन वजा केल्यावर ४२९४९६७२९४. आता याला भागायचे म्हणून पुठ्ठा पुढे ओढला, तर दुसऱ्या ओळीवर हीच संख्या माझ्याच अक्षरात ७ जानेवारीपासून लिहिलेली होती. बे एके बे, बे दुणे चार म्हणतात तसा तो पुठ्ठ्यावरचा दुणे. बाकीच्या रकान्यात शून्य लिहिले आणि बायकोला हाक मारली. तिने पान पाहिले आणि डोळ्यात थेंब घातले का ते विचारले.

संध्याकाळी नातीला सगळ्या बाक्या फोनवर वाचून दाखवल्या. तिने पायथन या संगणकाच्या भाषेत चार ओळी लिहून ताडून पाहिल्या, तिच्या म्हणण्याप्रमाणे संगणकाला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. "सगळ्या बरोबर आहेत, आबा," असे ती दोनदा म्हणाली.

खर्च लिहून ठेवतो. रजिस्टरे २४० रुपये, पेने ६०, छायाप्रती ४६ पानांच्या ९२, ग्रंथालयाची वर्गणी ३००, एकूण ६९२. अनामतीचे १००० रुपये परत मिळायला १३ मे रोजी अर्ज केला. सोबत सभासद कार्ड, ना-देय दाखला आणि अनामतीची मूळ पावती लागते, छायाप्रत चालत नाही. माझी पावती पहिल्या रजिस्टरमध्ये तिसऱ्या, चुकलेल्या पानाशी खूण म्हणून ठेवलेली होती, ती शोधण्यात एक खेप वाया गेली. रक्कम १० जूनला खात्यात जमा झाली.